सरळ पाट्यांचा चकवा

सहलीला कुठे जायचं यावर ओळंबेरावांच्या घरात आठवडाभर खल चालला होता. पानगळ सुरू झाली होती, उन्हाचा चटका गेला होता, हवेत छान गारवा आला होता आणि शहरातला जो तो रविवार उजाडला की शहराबाहेर पळत होता. जायला जागांची वानवा नव्हती. वानवा होती ती पाटी नसलेल्या जागेची.

याचं कारण खुद्द ओळंबेराव. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. शहराच्या रस्ते खात्यात चौकाचौकात पाट्या बसवण्यात त्यांची उभी हयात गेली होती, आणि पाटी केसभर जरी कलली तरी ती त्यांना चालत्या बसमधून दिसे. मग ते पुढच्या थांब्यावर उतरत, मागे चालत येत, पाटी सरळ करत आणि कामावर उशिरा पोचत. म्हणून खात्यातल्या लोकांनी, गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला लोंबवतो त्या वजनावरून, त्यांना ओळंबा हे नाव ठेवलं. ओळंबेरावांना ते कौतुकच वाटलं. एकदा दात काढायला गेले असताना त्यांनी खुर्चीतून उठून डॉक्टरच्या भिंतीवरचं प्रमाणपत्र सरळ केलं होतं, तेही तोंडात कापसाचे बोळे असताना.

एरवी घरच्यांनी हे चालवून घेतलं असतं, पण ही सहल साधी नव्हती. लेकीचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा उत्तम होता, मुलाची आई केव्हाचीच राजी होती, घोडं अडलं होतं ते मुलाच्या वडिलांपाशी. ते गाडी चालवण्याचा परवाना मागायला येणाऱ्यांची परीक्षा घेत. निम्म्या शहराला त्यांनी नापास केलं होतं आणि उरलेलं निम्मं शहर ते रजेवर जाण्याची वाट बघून परीक्षेला बसलं होतं. लग्नाचा विषय निघाला तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "आधी माणसं बघू, मग बोलू." समोरासमोर खुर्च्या मांडून अवघडत बसण्यापेक्षा दोन्ही घरांनी मिळून कुठेतरी बाहेर जावं, ही कल्पना लेकीची.

"तळ्यावर जाऊ. होड्या असतात," बायको म्हणाली.

"तिथे 'पोहण्यास मनाई' अशी पाटी आहे," लेक म्हणाली. "मागच्या वेळी ती सरळ करायला बाबा कमरेएवढ्या पाण्यात उतरले होते आणि रखवालदार काठावरून शिट्ट्या मारत होता. विसरलीस?"

"मग सफरचंदाच्या बागेत. आपल्या हातांनी तोडायची, टोपली भरायची."

"झाडागणिक जातीच्या नावाची पाटी. बाबा संध्याकाळपर्यंत पहिल्या रांगेच्या बाहेर यायचे नाहीत."

टेकडीवर लाल पानांची झाडं बघायला जावं, तर तिथे वळणावळणाला बाण. भोपळ्यांच्या मळ्यात जावं, तर भोपळ्याभोपळ्यावर वजनाची चिठ्ठी. शेवटी लेकीनेच शोधून काढलं. शहराबाहेर एका शेतकऱ्याने माणसाच्या डोक्यावरून जाईल असा मका वाढवून त्यात वेड्यावाकड्या वाटा कापल्या होत्या. लोकांनी एका बाजूने आत शिरायचं, भरपूर भटकायचं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर यायचं. त्याला तो मक्याचा चकवा म्हणत असे. शेतात पाट्या कुठून येणार, असा लेकीचा साधा हिशेब होता.

निघताना तिने बाबांची झडती घेतली. कोटाच्या खिशातून सपाटी मोजायची छोटी पाणसळ निघाली, ती कपाटात गेली. चष्म्याच्या घरात ठेवलेला पेचकस मात्र तिच्या नजरेतून सुटला.

"आज कशालाही हात लावायचा नाही, बाबा. कबूल?"

"अगं, मी काय लहान आहे का?"

"लहान असतात ते ऐकतात तरी."

शेताच्या दाराशी दोन्ही घरांची गाठ पडली. परीक्षकसाहेब उंच, शिडशिडीत, शर्टाला कडक इस्त्री. ओळंबेरावांना त्यांनी पायापासून डोक्यापर्यंत एकदा आणि डोक्यापासून पायापर्यंत एकदा न्याहाळलं, आणि आरसे, दिवे, ब्रेक सगळं बघून झाल्यासारखी मान हलवली. पास की नापास ते कळलं नाही.

"प्रवासात त्रास नाही ना झाला?" त्यांनी विचारलं.

"छे, छे. रस्ता एकदम सरळ," ओळंबेराव म्हणाले आणि पुढे काय बोलावं ते न सुचून आकाशाकडे बघू लागले. लेकीने त्यांच्याकडून एक वाक्य घोकून घेतलं होतं: 'आमच्या मुलीचं सुख तेवढं आम्हाला हवंय, बाकी तुम्ही म्हणाल तसं.' हे वाक्य कधी टाकावं याची ते संधी शोधत होते. वाक्य मनात घोळवता घोळवता ते घोळक्याबरोबर पुढे सरकत गेले आणि मक्यात शिरलेसुद्धा.

नेमका त्याच वेळी शेतमालक एका खोक्यावर चढून ओरडून सांगत होता, "नीट ऐका, मंडळी. आत चौकाचौकात बाणाच्या पाट्या आहेत. सरळ पाटी दिसली की तिचा बाण खोटा समजा. तिरकी पाटी दिसली की तिचा बाण खरा. तिरक्या पाट्यांच्या मागे जा, अर्ध्या तासात बाहेर याल."

पाट्या हा शब्द कानावर पडला आणि लेकीच्या तोंडचं पाणी पळालं. "बाबा कुठे आहेत?" तिने आईला विचारलं.

"ते मघाशीच आत गेले," आई म्हणाली, आणि मग दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

आत ओळंबेराव पहिल्या चौकात उभे होते. समोर खांबावर लाकडी पाटी होती, पाटीवर काळा बाण, आणि पाटी अशी कललेली की बघवेना. त्यांनी मान फिरवली. लेकीला दिलेला शब्द आठवला. ते चार पावलं पुढे गेले, थांबले, दोन पावलं मागे आले. सरळ रेषेत उभी राहू शकणारी पाटी केवळ एका ढिल्या स्क्रूपायी अशी लाजिरवाणी लोंबत राहावी, हे काही त्यांच्या मनाला पटेना. आजूबाजूला कुणी नव्हतं. चष्म्याच्या घरातून पेचकस निघाला, दोन पीळ बसले आणि पाटी ताठ उभी राहिली. आता कशी माणसात आली, असं पाटीकडे बघून त्यांना वाटलं.

त्यानंतर काय, दुसरी दिसली तेव्हा मनाची तयारी झालेलीच होती. तिसरीला तर त्यांनी विचारही केला नाही. एक पाटी धड, एक तिरकी, असं का केलं असेल हा प्रश्न त्यांना पडला नाही. खात्यातही कंत्राटदार असंच काम करतात हे त्यांना ठाऊक होतं. उलट आपण आलो म्हणून निदान या गरीब शेतकऱ्याचं काम फुकटात होतंय, या विचाराने त्यांना फार बरं वाटत होतं. वाऱ्यावर मका सळसळत होता, ऊन अंगाला गोड लागत होतं आणि ओळंबेराव गुणगुणत या चौकातून त्या चौकात जात होते. शेतातली शेवटची तिरकी पाटी सरळ झाली तेव्हा त्यांनी हात झटकले आणि आता बाहेर जाऊन ते वाक्य टाकावं असं ठरवलं.

बाहेर जायचा रस्ता काही सापडेना.

आणि तो फक्त त्यांनाच सापडत नव्हता असं नाही. मक्याच्या भिंतीपलीकडून आवाज येऊ लागले. "आपण इथे मघाशी आलो होतो." "इथे नाही, इथल्यासारख्याच दुसऱ्या चौकात." कुठेतरी एक पोर रडायला लागलं, त्याला गप्प करता करता आईबापांचं भांडण जुंपलं. टोपी घातलेले एक लठ्ठ गृहस्थ समोरून धापा टाकत आले, डावीकडे गेले आणि थोड्या वेळाने उजवीकडून पुन्हा आले. दोघांनी एकमेकांना पाहिलंच नसल्यासारखं केलं.

तेवढ्यात कर्ण्यावरून शेतमालकाचा आवाज आला. "मंडळी, अजून कुणीच कसं बाहेर येत नाही? घाबरू नका. सांगितलंय तसं करा. सरळ पाट्यांचे बाण खोटे. तिरक्या पाटीचा बाण धरून चला."

"तिरकी आहेच कुठे?" पलीकडून एक बाई किंचाळली. "सगळ्या मेल्या ओळीत उभ्या आहेत."

हातातल्या पेचकसाकडे ओळंबेरावांनी बघितलं आणि तो पाठीमागे लपवला, जणू मक्याची कणसंच साक्ष द्यायला निघाली होती. आता एकच उपाय होता: कुणाच्या नजरेस पडायच्या आत परत फिरायचं आणि सगळ्या पाट्या होत्या तशा करायच्या. ते तरातरा निघाले, कोपऱ्यावर वळले आणि थेट परीक्षकसाहेबांच्या छातीवर आदळले.

साहेबांची इस्त्री गेली होती. केसांत मक्याचा तुरा अडकला होता. पण चेहरा तोच.

"या चौकात मी पुन्हा पुन्हा येतोय," ते म्हणाले.

"मग दुसऱ्या बाजूला वळून बघायचं."

"बाण या बाजूला दाखवतोय."

"पण सरळ पाटी खोटी, असं तो कर्ण्यावर सांगतोय ना."

"तो काहीही सांगेल. मी उभ्या आयुष्यात बाणाच्या उलट गेलेलो नाही आणि कुणाला जाऊ दिलेलं नाही." साहेबांनी पाटीकडे रोखून बघितलं. "कुणीतरी मुद्दाम केलंय हे. असा माणूस माझ्या हाती लागला तर त्याला जन्मात परवाना मिळू देणार नाही."

"मला गाडी येत नाही," ओळंबेराव घाईघाईने म्हणाले.

"तुमचं कोण म्हणतंय?"

"नाही, आपलं सांगितलं."

साहेब बाणाप्रमाणे निघाले. त्यांना एकटं सोडावं तर ते संध्याकाळपर्यंत गोल गोल फिरत राहतील, आणि बरोबर जावं तर पाट्यांना हात लावता येणार नाही. ओळंबेरावांना दोन्हीकडून कात्रीत धरल्यासारखं झालं. मुकाट्याने ते मागे चालू लागले आणि बाणाने दोघांना जिथे नेलं तिथे वाट संपली होती. समोर मका, डावीकडे मका, उजवीकडे मका, मधे बसायला वाळलेल्या गवताचा एक भारा. दोघे त्यावर बसले. ते वाक्य टाकायला याहून निवांत जागा मिळाली नसती, पण ओळंबेराव पाठीमागचा पेचकस कोटाच्या बाहीत सरकवत होते. लेकीचा आनंदी चेहरा डोळ्यांसमोर येत होता आणि आपण आपल्या हाताने, तेही पेचकसाने, तिच्या लग्नाचं मातेरं केलं असं वाटून त्यांना अगदी रडू येईल की काय असं झालं होतं.

इतक्यात मक्यापलीकडून ओळखीचा आवाज आला. ती त्यांची बायको होती.

"ही पाटी बघा. स्क्रू कसा घट्ट आवळलाय. ताजा आहे. हे आमच्याच माणसाचं काम."

"काय सांगता?" हा दुसरा आवाज परीक्षकसाहेबांच्या बायकोचा होता.

"अहो, नको तेवढी हौस. लग्न झाल्यावर आमचा फोटो काढायला माणूस बोलावला होता. ऐन वेळी हे गायब. मागच्या भिंतीवरचं घड्याळ सरळ करत होते. फोटोत मी आहे आणि शेजारी यांची पाठ आहे."

ओळंबेरावांनी डोळे मिटून घेतले. शेजारी गवताचा भारा किंचित हलला, म्हणजे साहेब त्यांच्याकडे वळून बघत होते.

पण पलीकडे साहेबांच्या बायकोला हसू आवरत नव्हतं. "तुमचं एवढंच आहे ना? आमच्याकडे या. जगाला गाडी शिकवायला निघालेला माणूस, घरची गाडी कोण चालवतं विचारा. मी चालवते."

"तुम्ही? आणि साहेब?"

"ते बसले की पहिल्याच चौकात स्वतःची चूक काढतात. गाडी बाजूला घेतात, स्वतःला नापास करतात आणि किल्ली माझ्या हातात देतात. एकदाही घरापासून बाजारापर्यंत पोचलेले नाहीत. आत्तासुद्धा कुठेतरी बाण धरून गोल फिरत असतील बिचारे. बाहेरच्यांना यातलं काही माहीत नाही हं, ताई. तुम्हीही बोलू नका."

"मी कशाला बोलतेय," बायको म्हणाली आणि दोघी हसत हसत पुढे निघून गेल्या.

ओळंबेरावांनी हळूच एक डोळा उघडला. साहेबांचे कान लालबुंद झाले होते. ते समोरच्या मक्याकडे इतकं टक लावून बघत होते की जणू त्यावरही परीक्षेचा अर्ज लिहिलेला असावा. या कडक माणसाचा इतका उतरलेला चेहरा बघून ओळंबेरावांना स्वतःच्या भीतीचा विसर पडला. त्यांना त्या माणसाची दया आली.

"मक्याची सळसळ फार आहे," ते म्हणाले. "पलीकडचं अक्षरही ऐकू येत नाही."

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. मघाशी दाराशी बघितलं होतं तसं नाही, जरा वेगळं.

"खरंय," ते सावकाश म्हणाले. "मलाही काहीच ऐकू आलं नाही."

मग त्यांनी केसांतला मक्याचा तुरा काढून टाकला.

"पण समजा," साहेब म्हणाले, "नुसतं समजा हं. कुणी पाट्या सरळ केल्याच असतील, तर कुठल्या सरळ केल्या ते त्याला आठवत असेल का?"

"एकूण एक," ओळंबेराव म्हणाले आणि मग सावरून घेत म्हणाले, "असं मला आपलं वाटतं."

"मग बसलाय काय? उठा."

त्यानंतर त्या शेतात जे घडलं ते बघायला ओळखीचं कुणी नव्हतं ते बरंच झालं. ज्या पाटीचा स्क्रू आवळला त्याच पाटीचा बाण खरा, हे आता ओळंबेरावांना उमगलं होतं. चौकात पोचलं की ते अचूक पाटी ओळखत, स्क्रू ढिला करत आणि पाटी कलती करत. म्हणजे करायला जात. हात ऐकत नसे. उभ्या जन्मात चांगली सरळ पाटी त्यांनी तिरकी केली नव्हती. बोटभर कलवली की तेच हात तिला पुन्हा वर ढकलत.

"अजून थोडी," साहेब मागून म्हणत.

"एवढी पुरे नाही?"

"लोकांना दिसायला हवी. अजून."

"बघवत नाही हो."

"मग बघू नका. मी सांगतो थांबा म्हणून."

साहेबांची गत वेगळीच होती. वाटेत ज्या चौकात खोट्या, सरळ पाटीच्या विरुद्ध वळायचं असे तिथे त्यांचे पाय जागच्या जागी रुतत. ओळंबेरावांनी ओढून पाहिलं, समजावून पाहिलं. शेवटी साहेबांनीच तोडगा काढला. त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि ओळंबेरावांचा दंड धरला. "न्या," ते म्हणाले. "वळलो की सांगू नका." अशा रीतीने एक जण पाटीकडे न बघता तिला तिरकी करतोय आणि दुसरा डोळे मिटून त्याच्या दंडाला लोंबकळतोय, अशी ही वरात मक्यातून निघाली.

पाट्या कलू लागल्या तशा मागून आरोळ्या येऊ लागल्या. "अरे, ही बघा तिरकी." "मघाशी नव्हती." "असू दे, चला." रडणारं पोर गप्प झालं. टोपीवाले लठ्ठ गृहस्थ त्यांना ओलांडून पुढे गेले, आणि या वेळी परत आले नाहीत.

शेवटची पाटी बाहेर पडायच्या तोंडाशीच होती. ओळंबेरावांनी तिचा स्क्रू ढिला केला, मन घट्ट करून पाटी ढकलली आणि मागे वळले तर समोर शेतमालक उभा. त्याच्या मागे लेक आणि होणारा जावई. दोघांना पळापळीने धाप लागली होती.

"सापडला," मालक म्हणाला. "हाच तो. हातात पेचकस बघा. अहो, माझा सगळा चकवा उधळलात तुम्ही. लोक मला शिव्या देतायत. कोण आहात कोण तुम्ही?"

लेकीची नजर पेचकसावर गेली, पेचकसावरून बाबांच्या चेहऱ्यावर गेली, आणि तिला सगळं समजलं. तिचे डोळे भरून आले. ओळंबेरावांना वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. खरं सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण त्याआधीच त्यांच्या दंडाला धरून उभे असलेले परीक्षकसाहेब डोळे उघडून पुढे झाले. कार्यालयात ज्या आवाजापुढे भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची, तो आवाज त्यांनी काढला.

"उधळला कुणी ते आम्ही पाहिलेलं नाही. आता ही पाटी बघा, तिरकी आहे की नाही?"

"आहे," मालक म्हणाला.

"आतल्याही सगळ्या आहेत. यांनी एकट्याने केल्यात. यांचा जन्म पाट्यांच्या कामात गेलाय, म्हणून कुठली कशी हवी ते यांना कळलं. तुमची माणसं बाहेर येतायत ती यांच्यामुळे. आभार मानायचे सोडून दरडावता काय?"

मालकाने वाकून आत बघितलं. खरोखरच माणसं बाहेर येत होती. कपडे झटकत, हसत, एकमेकांना हाका मारत येत होती. त्यांत दोन्ही घरच्या बायकाही होत्या, हातात हात घालून. मालक वरमला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "पण हे आहेत कोण, साहेब? तुम्ही ओळखता यांना?"

परीक्षकसाहेबांनी ओळंबेरावांकडे बघितलं. घसा खाकरला. चुरगळलेला शर्ट दोन्ही हातांनी खाली ओढला.

"ओळखतो म्हणजे काय," ते म्हणाले. "व्याही आहेत माझे."

मुलाने आधी वडिलांकडे आणि मग आईकडे बघितलं, आणि आईने मला कधीचंच माहीत होतं असा चेहरा केला. ओळंबेरावांचा जीव भांड्यात पडला. आता साहेबांचा दंड धरायची पाळी त्यांची होती. बोलायचं पुष्कळ होतं, घोकलेलंही होतं, पण त्यातलं काहीएक आठवेना.

"व्याही म्हणतायत," ते मालकाला म्हणाले, "म्हणजे तसंच असणार."

बाबांना चांगलं फैलावर घ्यायचं असं लेकीने चकव्यातून पळताना ठरवलं होतं. तिने डोळे पुसले, जवळ आली, आणि काही न बोलता बाबांच्या कोटाला चिकटलेली मक्याची वाळकी पानं एकेक करून काढायला लागली.